राजकन्येच्या गळ्यातील माळ आणि कलम १४

३१ ऑक्टोबर २०१८. स्पेनची राजधानी माद्रिद. इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या भाषा-संस्थेत त्या देशाच्या राज्यघटनेचे जाहीर वाचन होते. संसदेने घटना मंजूर केली त्याला त्या दिवशी ४० वर्षे पूर्ण झाली होती. एक मुलगी उभी राहिली आणि तिने घटनेचे पहिले कलम वाचून दाखविले. त्याच दिवशी तिला तेरा वर्षे पूर्ण झाली होती. जाहीर कार्यक्रमात ती प्रथमच बोलत होती. तिचे नाव लिओनोर. राजे फेलिपे सहावे आणि राणी लेतिसिया यांची ही थोरली कन्या आणि स्पेनच्या गादीची वारस.

घटनावाचन म्हटले की आम्ही कान देतो. २६ नोव्हेंबरला आमच्या वस्त्यांत, विहारांत, शाळांत उद्देशिकेचे वाचन होते. कष्टकऱ्याचे पोर छाती पुढे काढून ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणते, तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. कारण त्या पोराच्या आज्याला अक्षर गिरवण्याचीही बंदी होती. मग एका राजकन्येने आपल्या देशाची घटना वाचली, तर आम्ही आनंद का मानू नये? आनंद मानलाच पाहिजे. पण तिने काय वाचले, हेही नीट पाहिले पाहिजे.

स्पेनच्या घटनेच्या पहिल्या कलमात तीन गोष्टी आहेत. पहिली, स्वातंत्र्य, न्याय, समता आणि राजकीय बहुविधता ही या राष्ट्राची सर्वोच्च मूल्ये आहेत. दुसरी, सार्वभौमत्व जनतेचे आहे. आणि तिसरी, राज्याचे स्वरूप संसदीय राजेशाहीचे आहे. म्हणजे वर समता आणि खाली राजेशाही, आणि दोन्ही एकाच कलमात! तेरा वर्षांच्या त्या मुलीने हे दोन्ही एका दमात वाचले. तिचे सारे आयुष्य या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत जायचे आहे.

पुढे याच घटनेत कलम १४ आहे. योगायोग पाहा! आमच्या संविधानातही कायद्यापुढील समतेचे कलम १४ च आहे. स्पेनचे कलम १४ सांगते की, सर्व स्पॅनिश लोक कायद्यापुढे समान आहेत. जन्म, वंश, लिंग, धर्म, मत या कारणांवरून कोणताही भेदभाव होणार नाही. या यादीत पहिला शब्द ‘जन्म’ हा आहे. आणि कलम ५७ काय सांगते? राजमुकुट हुआन कार्लोस पहिले यांच्या वारसांकडे वंशपरंपरेने जाईल, आणि एकाच नात्याच्या वारसांत पुरुषाला स्त्रीपेक्षा प्राधान्य राहील. म्हणजे कलम १४ ने ज्या दोन गोष्टी वर्ज्य केल्या, जन्म आणि लिंग, त्या दोन्हींवर कलम ५७ उभे आहे. घर एकच, पण पुढच्या दारावर समतेची पाटी आणि मागच्या दारावर वंशावळ!

या कलमाचा फटका राजघराण्यालाही बसला आहे. फेलिपे हे भावंडांत सर्वांत धाकटे. थोरल्या भगिनी एलेना १९६३ च्या, दुसऱ्या क्रिस्तिना १९६५ च्या आणि फेलिपे १९६८ चे. तरीही गादी मिळाली ती फेलिपे यांना, कारण ते मुलगे होते. लिओनोरचा जन्म ३१ ऑक्टोबर २००५ चा. तिच्या पाठीवर २९ एप्रिल २००७ रोजी सोफिया जन्मली. सोफियाच्या जागी मुलगा झाला असता, तर थोरलीचा हक्क त्याच दिवशी मागे पडला असता. म्हणून लिओनोर वारस आहे ती थोरली म्हणून नव्हे, तर भाऊ नाही म्हणून. सम्राज्ञी होऊ घातलेल्या मुलीचा हक्कसुद्धा न जन्मलेल्या भावाच्या मेहरबानीवर असावा, याहून पुरुषसत्तेचा मोठा पुरावा कोणता?

येथे आम्हाला आमच्या घरची गोष्ट आठवते. मुलीला बापाच्या मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडविले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदावर लाथ मारली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती भारतात व्हायला २००५ साल उजाडले. तेच साल लिओनोरच्या जन्माचे. त्या वर्षीपासून आमच्या शेतकऱ्याच्या मुलीला जो हक्क कायद्याने आहे, तो स्पेनच्या राजकन्येला तिच्या घटनेने दिलेला नाही!

स्पेनने प्रयत्न केला नाही असे नाही. समाजवादी पंतप्रधान झापातेरो यांच्या सरकारने कलम ५७ बदलण्याचा विचार पुढे आणला. २००६ साली राज्य परिषदेने त्यावर अहवालही दिला. त्याच वर्षी सरदार-उमरावांच्या पदव्यांच्या वारशात स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. पण राजमुकुटाला कोणी हात लावला नाही. कारण त्यासाठीची प्रक्रिया मोठी अवघड आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत, मग संसद बरखास्त, नव्या निवडणुका, नव्या सभागृहांत पुन्हा दोन-तृतीयांश बहुमत आणि शेवटी सार्वमत. स्वीडनने हा भेद १९८० मध्ये संपविला, नेदरलँड्सने १९८३ मध्ये, नॉर्वेने १९९० मध्ये, बेल्जियमने १९९१ मध्ये. स्पेन मात्र थांबला. आमचे मत असे की, भीती मुलीच्या हक्काची नाही, भीती सार्वमताची आहे. ‘मुलगा की मुलगी’ असे विचारायला जावे आणि लोकांनी ‘राजा तरी कशाला?’ असे उत्तर द्यावे, ही ती भीती!

ही भीती निराधार नाही. स्पेनच्या जनतेने राजाला दोनदा निरोप दिला आहे. १८७३ मध्ये पहिले प्रजासत्ताक आले, ते अल्पजीवी ठरले. १४ एप्रिल १९३१ रोजी दुसरे प्रजासत्ताक आले. त्या प्रजासत्ताकाच्या घटनेने स्पष्ट लिहिले की, कुळ, लिंग, सामाजिक वर्ग, संपत्ती किंवा धर्मश्रद्धा यांवर कोणताही कायदेशीर विशेषाधिकार उभा राहणार नाही. सरदारकीच्या पदव्या राज्य मानणार नाही. आमच्या संविधानाचे कलम १८ ज्यांनी वाचले असेल, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. पण १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धात ते प्रजासत्ताक रक्तात बुडविले गेले. हुकूमशहा फ्रँको सत्तेवर बसला आणि त्याने १९६९ मध्ये आपला वारस म्हणून हुआन कार्लोस यांना नेमले. लिओनोरच्या आजोबांची गादी अशी आली आहे. १९७८ च्या सार्वमतात जनतेने घटना स्वीकारली, हे खरे. पण राजेशाही हवी की प्रजासत्ताक, असा स्वतंत्र प्रश्न तिला कोणी विचारला नाही. दोन्ही एकाच ताटात वाढले गेले.

आता त्या माळेकडे येऊ. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी लिओनोर १८ वर्षांची झाली. त्या दिवशी तिने संसदेत दोन्ही सभागृहांपुढे घटनेशी निष्ठेची शपथ घेतली. तिच्या वडिलांनी हीच शपथ १९८६ मध्ये घेतली होती. कॅटलोनिया, बास्क प्रांत आणि गॅलिसियातील काही पक्षांचे खासदार त्या समारंभाकडे फिरकले नाहीत. तत्कालीन सरकारमधील तीन डाव्या मंत्र्यांनीही पाठ फिरविली. नंतर राजवाड्यात तिला ‘कार्लोस तिसरा’ या राजाच्या नावाच्या सन्मानाची माळ देण्यात आली. वृत्तपत्रांनी तिचा पांढरा पोशाख पाहिला, स्मित पाहिले. आम्हाला त्या माळेतला इतिहास पाहायचा आहे.

कार्लोस तिसरा हा लिओनोरचा थेट पूर्वज. त्याने १७७१ मध्ये हा सन्मान सुरू केला. पूर्वी तो मिळविण्यासाठी उमरावपणाचा आणि ‘रक्तशुद्धी’चा पुरावा द्यावा लागे. रक्तशुद्धी म्हणजे पूर्वजांत ज्यू नाही, मुसलमान नाही याची खात्री. कुलशुद्धीचे हे दाखले आम्हाला नवे नाहीत. फक्त तेथे ते दप्तरात बांधून ठेवले जात आणि येथे स्मृतिग्रंथांत!

याच राजाने १७७६ मध्ये विषम विवाहांविरुद्ध फर्मान काढले. खालच्या घरात लग्न करणाऱ्याचा वारसाहक्क धोक्यात आला. जाती टिकतात त्या जातीअंतर्गत विवाहाने, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचून दाखवून दिले. सरदार-उमरावांचेही तेच तंत्र. रोटी मिळते, बेटी मिळत नाही. लिओनोरच्या आईने ही भिंत ओलांडली, हे आवर्जून सांगितले पाहिजे. लेतिसिया या दूरचित्रवाणीवरील पत्रकार, पूर्वी विवाह होऊन घटस्फोट झालेल्या, आणि त्यांचे आईकडील आजोबा टॅक्सीचालक. २२ मे २००४ रोजी त्यांचा युवराजांशी विवाह झाला. म्हणजे लिओनोर जशी बोर्बन घराण्याची वारस, तशीच टॅक्सी चालविणाऱ्या एका कष्टकऱ्याची पणती. पण कायदा मोजतो ते एकच रक्त. आणि १७७६ चे भूत पूर्ण गेलेले नाही. वारसाने राजा आणि संसद यांच्या स्पष्ट मनाईविरुद्ध लग्न केले, तर तो आणि त्याची संतती गादीला मुकते, असे आजच्या घटनेतही लिहिले आहे. मन कोणावर जडवावे यालाही परवानगी!

मात्र कार्लोस तिसऱ्याच्या पदरात एक चांगले काम आहे आणि ते आम्ही लपविणार नाही. मार्च १७८३ मध्ये त्याने जाहीर केले की, कातडे कमावणारा, लोहार, शिंपी, जोडे शिवणारा, सुतार यांचे धंदे प्रामाणिक आणि सन्मान्य आहेत. त्या धंद्यांमुळे माणूस हीन ठरत नाही. युरोपातही कातडे कमावणाऱ्याला हीन मानत होते, ही बाब आमच्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल. विशेष म्हणजे दोन शतकांनंतर राजगादीचा कायदा मुलींसाठी बदलू पाहणाऱ्या पंतप्रधानांच्या ‘झापातेरो’ या आडनावाचा अर्थच जोडे शिवणारा असा आहे. सन्मान लिहून देता येतो, तो खरा व्हायला पिढ्या लागतात.

पण त्याच वर्षी, सप्टेंबर १७८३ मध्ये, त्याच राजाने दुसरे फर्मान काढले. ते गिटानो लोकांविषयी होते. गिटानो म्हणजे स्पेनमधले रोमा. हे लोक मूळचे भारतातले. त्यांची भाषा याची साक्ष देते. रोमा माणूस आजही पाण्याला ‘पानी’ म्हणतो. स्पेनमध्ये त्यांची पहिली लेखी नोंद १४२५ ची. म्हणजे २०२५ मध्ये त्यांना तेथे सहाशे वर्षे झाली. १७८३ च्या फर्मानाने त्यांना इतर प्रजेसारखे राहण्याची मुभा दिली, पण अट घातली की त्यांनी आपली भाषा, आपला वेश सोडावा आणि ‘गिटानो’ हे नावही कोणी उच्चारू नये. समान व्हा, पण स्वतःला पुसून!

त्याआधी जे घडले ते तर अंगावर काटा आणणारे आहे. कार्लोसचा सावत्र भाऊ फर्नांडो सहावा गादीवर असताना, जुलै १७४९ मध्ये, देशभरातील गिटानोंना एकाच वेळी पकडण्याचा हुकूम सुटला. सुमारे नऊ हजार माणसे धरली गेली. गुन्हा काय? जन्म. पुरुषांना नौदलाच्या गोद्यांत वेठीला जुंपले, बाया-पोरांना वेगळे कोंडले. नवरा-बायको वेगळे ठेवायचे, म्हणजे पुढची पिढी जन्मणारच नाही, असा तो हिशेब. काडिझच्या उपसागरातील गोदीत हे पुरुष राबविले गेले. शेवटच्या कैद्यांची सुटका व्हायला दीड दशक लागले.

११ जानेवारी २०२५ रोजी याच काडिझ बंदरातून नौदलाचे शिडाचे शिक्षणजहाज ‘हुआन सेबास्तियान दे एल्कानो’ सफरीवर निघाले. त्यावर प्रशिक्षणार्थी म्हणून लिओनोर होती. धक्क्यावर राजा-राणी निरोपाला उभे होते. एकाच पाण्यातून जन्माच्या नावाने एकाला बेडी मिळाली आणि एकीला सलामी. यात त्या मुलीचा काही दोष नाही. पण त्या पाण्याने जे पाहिले ते तिला कोणी सांगितले असेल का, हा आमचा प्रश्न आहे.

राजकन्येच्या कष्टांविषयी पुष्कळ लिहिले जाते. ते खोटे नाही. २०२१ ते २०२३ ती वेल्समधील अटलांटिक कॉलेजात वसतिगृहात राहून शिकली. ऑगस्ट २०२३ मध्ये सारागोसाच्या लष्करी अकादमीत, २०२४ मध्ये मारिनच्या नौदल शाळेत, सप्टेंबर २०२५ मध्ये सान हाविएरच्या हवाई दल अकादमीत दाखल झाली. उद्या राणी झाल्यावर घटनेनुसार ती तिन्ही दलांची सर्वोच्च सेनापती होईल. ज्या सैन्याने स्त्रियांना १९८८ पर्यंत दारात उभे केले नव्हते, त्याने एका स्त्रीला सलामी द्यावी, याचे आम्हाला कौतुक आहे. पण एक विचारतो. इतर कॅडेट परीक्षा देऊन, हजारोंशी स्पर्धा करून त्या दारातून आत येतात. ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ म्हणून आमच्या राखीव जागांवर तुटून पडणारे लोक राजकन्येच्या या जागेला काय म्हणतात? जगातील सर्वांत जुने आरक्षण गादीचे आहे आणि त्याला कोणी आरक्षण म्हणत नाही!

आणि तरीही आम्हाला त्या मुलीची कीव येते, हेही खरे. तिला कोणी विचारले होते का? आठव्या वर्षी, जून २०१४ मध्ये, आजोबांनी गादी सोडली आणि ती ‘आस्तुरियासची राजकुमारी’ झाली. धंदा ठरला, धर्मविधी ठरले, शाळेमागून सैन्य ठरले. तिची पूर्वज राणी इसाबेल दुसरी तिसरे वर्ष पुरे होण्याआधीच गादीवर बसली, तेराव्या वर्षी सज्ञान ठरविली गेली आणि सोळाव्या वाढदिवशी तिचे एका चुलतभावाशी लग्न लावून दिले गेले. १८६८ मध्ये तिला देश सोडावा लागला. लिओनोर गादीवर बसली, तर इसाबेलनंतरची ती स्पेनची पहिली सत्ताधारी राणी ठरेल. जन्मावरून धंदा ठरणे म्हणजे काय, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक? पिढ्यान् पिढ्या आमच्या हातात झाडू, दोरी आणि मेलेले ढोर दिले गेले. तिच्या हातात राजदंड दिला जाणार. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे म्हणणारा ढोंगी होय. तिला नकाराची वाट आहे. गादी नाकारली तरी तिला उपाशी मरावे लागणार नाही. आमच्या बापाने येसकरकी नाकारली तेव्हा गावाने वाळीत टाकले. पण मुळाशी तत्त्व एकच आहे. माणूस कोण होणार हे पाळण्यात ठरविणारी व्यवस्था वरच्यालाही पूर्ण माणूस होऊ देत नाही.

गादीबरोबर आणखी एक वारसा येतो. घटनेच्या कलम ५६ प्रमाणे राजाची व्यक्ती अनुल्लंघनीय आहे. त्याला न्यायालयात जाब विचारता येत नाही. २०१२ मध्ये देश मंदीत होरपळत असताना आजोबा हुआन कार्लोस बोत्स्वानात हत्तींच्या शिकारीला गेले आणि कंबरेचे हाड मोडून घेऊन परतले, तेव्हा जनतेला ते कळले. पुढे त्यांच्या परदेशी पैशांचे प्रश्न उभे राहिले. मार्च २०२० मध्ये मुलाने बापाचा वारसा नाकारला आणि त्यांचे मानधन बंद केले. ऑगस्टमध्ये आजोबा देश सोडून अबूधाबीला गेले. मार्च २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी चौकशी बंद केली. कारणांत मुदत उलटणे, नंतर भरलेला कर आणि गादीवर असतानाची अनुल्लंघनीयता हीही होती. कायद्यापुढे सर्व समान, फक्त एक जण सोडून! कलम १४ वाचून कलम ५६ वाचले की आम्हाला जुन्या शास्त्रांतील ती दंडव्यवस्था आठवते, जिथे गुन्ह्याची शिक्षा गुन्हेगाराच्या वर्णावरून ठरे.

मग आशा कशात? आशा त्याच घटनेत आहे. ती लिहिणाऱ्या संसदेत हुआन दे दिओस रामिरेज एरेदिया नावाचा एक गिटानो बसला होता. १९७७ मध्ये निवडून आलेला तो स्पेनचा पहिला गिटानो खासदार. ज्यांचे नाव उच्चारायला बंदी होती, त्यांच्यातला एक माणूस १९७८ मध्ये ‘मी गिटानो’ म्हणून त्या सभागृहात उभा राहिला आणि आपल्या लोकांवरील अन्यायाविषयी बोलला. २०२२ मध्ये गिटानोद्वेषाचा उल्लेख स्पेनच्या फौजदारी कायद्यात आला. १७४९ पासून इथवरचा हा प्रवास राजाच्या कृपेने झालेला नाही. तो समतेच्या त्या एका वाक्याला धरून लोकांनी केला आहे.

आमच्या देशात राजे होते, संस्थाने होती, तनखे होते. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने त्यांची मान्यता आणि तनखे गेले. तरी घराणी गेली का? आमदारकी बापाची मुलाला, कारखाना काकाचा पुतण्याला, आणि आमच्या चळवळीतली खुर्चीसुद्धा घरातल्या घरात! तेव्हा स्पेनच्या मुलीकडे बोट दाखविताना तीन बोटे आपल्याकडे वळतात, हे विसरू नये. तिची वारसदारी निदान घटनेत लिहून ठेवली आहे. आमची तर न लिहिताच चालते.

लिओनोरविषयी आम्हाला द्वेष नाही. चळवळीने आम्हाला माणसाशी नव्हे, व्यवस्थेशी लढायला शिकविले. ती मुलगी हुशार दिसते, मेहनत करते. उद्या ती राणी होईल किंवा स्पेनची जनता तिसरे प्रजासत्ताक आणील; तो निर्णय त्या जनतेचा. आमची अपेक्षा एवढीच की, तेराव्या वर्षी जे पहिले कलम तिने जगापुढे वाचले, त्यातले ‘समता’ हे अक्षर तिने एकदा स्वतःपुढेही वाचावे. मग ती माळ गळ्याला किती जड आहे, ते तिचे तिलाच कळेल.